जुन्या बंदुकांतील लहान मळसूत्री स्प्रिंगा : बदली भागाची निवड, निर्मिती व जतन

सारांश

जुन्या बंदुकीतील एखादी लहान स्प्रिंग तुटली, गंजली किंवा हरवली की तिच्या जागी 'बसेल ती' स्प्रिंग घालण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते. आकाराने जुळणारी स्प्रिंग बलाने जुळेलच असे नाही. प्रस्तुत लेखात अशा स्प्रिंगांचे कार्य, त्यांच्या अपयशाची कारणे, ताठरतेचे गणित, तारेची निवड, वेटोळी वळण्याची प्रक्रिया आणि तयार स्प्रिंग मिळवण्याचे मार्ग यांचे विवेचन केले आहे. संग्रहालयीन वस्तूंच्या संदर्भात मूळ भागाचे जतन आणि भारतातील कायदेशीर चौकट यांचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : मळसूत्री स्प्रिंग, ताठरता, दृढता गुणांक, पियानो तार, शिणवटा, जतन.

१. प्रस्तावना

बंदुकीचा इतिहास बहुधा नळी, दारू आणि काडतूस यांच्या अनुषंगाने लिहिला जातो. घोडा पुढे फेकणारी, चाप सोडल्यावर त्याला पूर्वस्थितीत आणणारी आणि फायरिंग पिन आघातानंतर मागे खेचणारी शक्ती मात्र स्प्रिंगमध्ये साठवलेली असते. शतकभर जुन्या बंदुकीची नळी व दस्ता सुस्थितीत असूनही केवळ एका लहान स्प्रिंगअभावी सारी यंत्रणा निकामी झाल्याची उदाहरणे दुरुस्तीच्या व्यवसायात नित्याची आहेत.

या प्रश्नाला तीन बाजू आहेत. पहिली सुरक्षिततेची. चुकीच्या बलाची स्प्रिंग बसवल्यास बंदूक चालणार नाही, एवढाच धोका नसतो. ती नको त्या क्षणी चालू शकते. दुसरी बाजू इतिहासाची. मूळ स्प्रिंग टाकून दिली की त्या काळातील तार, उष्णोपचार आणि कारागिरी यांचा भौतिक पुरावा नष्ट होतो. तिसरी बाजू शैक्षणिक आहे. पदार्थविज्ञान, धातुविज्ञान, यंत्रशाळा, इतिहास आणि कायदा हे विषय या लहानशा वस्तूत एकत्र येतात.

२. पट्टीकमानीकडून मळसूत्राकडे

तोड्याच्या बंदुकीत जळता तोडा काडीच्या दारूपर्यंत खाली आणणे एवढेच यंत्रणेचे काम होते. त्यासाठी जोरदार स्प्रिंगची आवश्यकता नव्हती. चाकाच्या व चकमकीच्या बंदुकांत ठिणगी पाडण्यासाठी वेग आणि आघात लागू लागला आणि दुमडलेल्या पट्टीची, म्हणजे इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराची कमान प्रचारात आली. ती घडवण्यासाठी पोलादाची पट्टी घासून निमुळती करावी लागे, दुमडावी लागे आणि तिला नेमके पाणी द्यावे लागे. कठिनीकरण जास्त झाले तर कमान तुटे, कमी झाले तर वाके. म्हणूनच कमान घडवणाऱ्या कारागिराला बंदूक व्यवसायात मान होता.

मळसूत्री स्प्रिंगचा बंदुकीतील प्रवेश प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकात झाला. प्रशियाने १८४१ साली स्वीकारलेल्या ड्रायझे यांच्या सुई-बंदुकीत सुई पुढे ढकलण्यासाठी वेटोळ्यांची स्प्रिंग होती. ब्रिटिश सैन्याने १८७१ साली स्वीकारलेल्या मार्टिनी-हेन्री बंदुकीतही मुख्य स्प्रिंग मळसूत्री होती. पुढे ली-एनफिल्ड रायफलच्या बोल्टमध्ये फायरिंग पिनभोवती अशीच स्प्रिंग बसवली गेली. भारतात ईशापूर येथील कारखान्यात या रायफली दीर्घकाळ तयार होत असल्यामुळे भारतीय पोलीस व निमलष्करी दलांना त्यांची यंत्रणा परिचित राहिली.

हे स्थित्यंतर एकदम झाले नाही. ली-एनफिल्डमध्ये मुख्य स्प्रिंग मळसूत्री असली तरी चापाशी संबंधित स्प्रिंग पट्टीचीच होती. जर्मनीतील लुगर पिस्तुलाच्या १९०० च्या नमुन्यात प्रत्याघाताची स्प्रिंग पट्टीची होती. १९०६ मध्ये तिच्या जागी मळसूत्री स्प्रिंग आली. अमेरिकेत कोल्टच्या १८७३ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये पट्टीकमानी होत्या. १९५३ मध्ये रूगर यांनी बाह्यतः तशाच दिसणाऱ्या 'सिंगल-सिक्स' रिव्हॉल्व्हरमध्ये पियानो तारेच्या मळसूत्री स्प्रिंगा वापरल्या.

या बदलामागील कारण यांत्रिक आहे. पट्टीकमानीत वाकण्याचे प्रतिबल एखाद्या दुमडीपाशी एकवटते, तर मळसूत्री स्प्रिंगमध्ये तारेला पीळ बसतो आणि तो क्रियाशील तारेच्या संपूर्ण लांबीवर विभागला जातो. शिवाय पट्टीकमान तुटली की यंत्रणा तत्काळ थांबते. मळसूत्री स्प्रिंग तुटली तर तिचे तुकडे अनेकदा एकमेकांत फिरून बसतात आणि घटलेल्या बलाने का होईना, यंत्रणा चालत राहते. हा गुण युद्धभूमीवर उपयुक्त ठरला. परंतु त्याचीच दुसरी बाजू अशी की, मळसूत्री स्प्रिंग आपले अपयश लपवून ठेवते.

३. लहान स्प्रिंगांचे कार्य व अपयश

मुख्य स्प्रिंगशिवाय जुन्या बंदुकीत आणखी काही लहान मळसूत्री स्प्रिंगा आढळतात. फायरिंग पिन मागे आणणारी स्प्रिंग, रिकामे काडतूस पकडणाऱ्या आकड्यामागील स्प्रिंग, सुरक्षा-खटका जागेवर धरणाऱ्या खुंटीमागील स्प्रिंग, चाप परत आणणारी स्प्रिंग ही त्यांची प्रमुख उदाहरणे होत. त्यांतील अनेकींचा व्यास तीन ते सहा मिलिमीटरच्या घरात असतो.

या स्प्रिंगांचे अपयश चार प्रकारचे असते. पहिला प्रकार कायम विरूपणाचा होय. तारेतील प्रतिबल स्थितिस्थापकतेच्या मर्यादेबाहेर गेले की स्प्रिंगची मुक्त लांबी कमी होते. दुसरा प्रकार शिणवट्याचा. वारंवार दाबल्याने तारेच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म तडा वाढत जातो. तिसरा प्रकार गंजाचा. गंजामुळे तारेचा व्यास घटतोच, शिवाय गंजाचे प्रत्येक छिद्र शिणवट्याच्या तड्याला प्रारंभबिंदू पुरवते. चौथा प्रकार मानवी हस्तक्षेपाचा. पूर्वीच्या दुरुस्तीत स्प्रिंग कापलेली, ओढून लांब केलेली किंवा ज्योतीवर तापवलेली असते.

स्प्रिंग दाबून ठेवल्याने ती 'थकते' अशी समजूत रूढ आहे. प्रतिबल योग्य मर्यादेत असेल तर सामान्य तापमानाला केवळ दाबून ठेवल्याने होणारी घट अल्प असते. मर्यादेच्या अगदी जवळ काम करणाऱ्या जुन्या स्प्रिंगांना मात्र ही सवलत लागू पडत नाही. त्यामुळे बंदूक ठेवताना सर्व स्प्रिंगा शक्यतो सैल ठेवण्याची प्रथा योग्यच आहे.

धोक्याच्या दृष्टीने फायरिंग पिनच्या परतीची स्प्रिंग विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. ती दुबळी असेल आणि पिनचे टोक पुढे अडकून राहिले, तर खजिना बंद होतानाच काडतुसाच्या टोपीवर आघात होऊ शकतो. चापाच्या स्प्रिंगबाबतही असेच म्हणता येईल. ती अपुरी असल्यास चाप आणि घोडा यांमधील अटकाव पूर्ण बसत नाही आणि किंचित धक्क्यानेही घोडा सुटण्याचा संभव असतो.

४. ताठरतेचे गणित

स्प्रिंगचे बल तिच्या विस्थापनाच्या प्रमाणात असते हा नियम रॉबर्ट हूक यांनी १६७६ साली कोड्याच्या रूपात आणि १६७८ साली उघडपणे मांडला. मळसूत्री दाब-स्प्रिंगसाठी या प्रमाणाला ताठरता म्हणतात. तिचे सूत्र पुढीलप्रमाणे लिहिता येईल :

ताठरता = (दृढता गुणांक × तारेच्या व्यासाचा चौथा घात) ÷ (८ × मध्यव्यासाचा घन × क्रियाशील वेटोळ्यांची संख्या)

येथे मध्यव्यास म्हणजे बाह्य व्यासातून तारेचा एक व्यास वजा करून येणारे माप. क्रियाशील वेटोळ्यांत दोन्ही टोकांची मिटलेली वेटोळी धरली जात नाहीत. पियानो तारेचा दृढता गुणांक सुमारे ७९,००० न्यूटन प्रति चौरस मिमी असतो.

सूत्रातील चौथा घात हा या विषयाचा गाभा आहे. तारेचा व्यास ०.६० ऐवजी ०.६५ मिमी घेतला, तर डोळ्यांना फरक जाणवत नाही. मध्यव्यास तोच राहिल्यास ताठरता मात्र सुमारे ३८ टक्क्यांनी वाढते. व्यास ०.५० मिमी घेतला तर ती निम्म्याहूनही कमी होते. म्हणून तारेचे माप साध्या पट्टीने नव्हे, तर मायक्रोमीटरनेच घ्यावे लागते आणि गंज असल्यास निरोगी भागावर घ्यावे लागते.

बलाबरोबर तारेतील पिळाचे प्रतिबलही तपासणे आवश्यक असते. ते बल आणि मध्यव्यास यांच्या गुणाकाराच्या आठपटीला तारेच्या व्यासाचा घन व पाय यांच्या गुणाकाराने भागून मिळते. वेटोळ्याच्या आतल्या बाजूस प्रतिबल अधिक असते. त्यासाठी वाल यांनी सुचवलेला सुधारणा गुणक वापरण्याची पद्धत आहे.

५. हरवलेल्या स्प्रिंगचे माप : एक उदाहरण

मूळ स्प्रिंग उपलब्ध असेल तर तारेचा व्यास, बाह्य व्यास, वेटोळ्यांची संख्या आणि मुक्त लांबी ही चार मापे पुरेशी होतात. मुक्त लांबी मात्र विश्वसनीय नसते, कारण जुनी स्प्रिंग बहुधा बसलेली असते. स्प्रिंग हरवली असल्यास तिच्या रिकाम्या जागेवरून मापे काढावी लागतात. पुढील उदाहरण केवळ पद्धत दाखवण्यासाठी घेतले आहे.

खुंटीच्या छिद्राचा व्यास ५.३ मिमी आणि स्प्रिंगमधून जाणाऱ्या दांड्याचा व्यास ३.५ मिमी आहे असे समजू. विश्रांतीच्या स्थितीत स्प्रिंगसाठी १२ मिमी आणि खुंटी पूर्ण दाबल्यावर ८ मिमी जागा उरते. दाबली जाताना स्प्रिंगचा बाह्य व्यास किंचित वाढतो, म्हणून छिद्रात मोकळीक ठेवून तो ५.० मिमी घेतला. तार ०.६ मिमीची घेतल्यास आतील व्यास ३.८ मिमी आणि मध्यव्यास ४.४ मिमी येतो. आठ क्रियाशील व दोन मिटलेली अशी एकूण दहा वेटोळी आणि १४ मिमी मुक्त लांबी ठरवली.

सूत्रात या किमती घातल्यास ताठरता सुमारे १.८८ न्यूटन प्रति मिमी येते. विश्रांतीत स्प्रिंग २ मिमी दाबलेली असल्याने प्रारंभिक बल ३.८ न्यूटन आणि पूर्ण दाबल्यावर, म्हणजे ६ मिमी विस्थापनाला, ११.३ न्यूटन मिळते. दहा वेटोळी एकमेकांना टेकली की लांबी ६ मिमी होते. म्हणजे ८ मिमीच्या जागेत २ मिमी मोकळीक शिल्लक राहते. वाल गुणक येथे सुमारे १.२ येतो आणि ६ मिमी विस्थापनाला प्रतिबल सुमारे ७०० न्यूटन प्रति चौरस मिमी भरते. सर्व वेटोळी टेकेपर्यंत दाबल्यास ते सुमारे ९४० होते. या जाडीच्या उत्तम पियानो तारेचे ताणबल साधारण २,२०० ते २,४०० असते. पिळासाठी त्याच्या सुमारे ४५ टक्के, म्हणजे साधारण १,००० ही मर्यादा धरली, तर निवड सुरक्षित ठरते. मुक्त लांबी मध्यव्यासाच्या सव्वातीनपट असल्याने स्प्रिंग कडेला वाकण्याचीही भीती नाही.

याच उदाहरणावरून 'दोन वेटोळी कापून बसवणे' या रूढ उपायाचे परिणाम स्पष्ट होतात. कापलेले टोक पुन्हा मिटवले तरी क्रियाशील वेटोळी आठवरून सहावर येतात, मुक्त लांबी सुमारे १०.८ मिमी होते आणि ताठरता २.५ न्यूटन प्रति मिमी इतकी वाढते. परंतु उपलब्ध जागा १२ मिमी असल्याने विश्रांतीत स्प्रिंग सैल खडखडते. प्रारंभिक बल शून्य होते. पूर्ण दाबल्यावरही बल सुमारे ७ न्यूटनच भरते. कापल्याने स्प्रिंग एकाच वेळी अधिक ताठर आणि अधिक दुबळी होते, हा वरकरणी विरोधाभास गणिताशिवाय उलगडत नाही. ओढून लांब केलेली स्प्रिंग तर काही काळच बल दाखवते. ओढताना तारेत उरलेले प्रतिबल तिला लवकरच पुन्हा बसवते.

६. तारेची निवड

लहान स्प्रिंगांसाठी पियानो तार हा सर्वमान्य पर्याय आहे. उच्च कार्बनी पोलाद तापवून वितळलेल्या शिशाच्या कुंडात नियंत्रित रीतीने थंड करावयाचे आणि नंतर साच्यांतून थंड अवस्थेत ओढत न्यावयाचे, या प्रक्रियेतून तिचे बल येते. बर्मिंगहॅमचे जेम्स हॉर्सफॉल यांनी १८५४ साली अशा उष्णोपचाराचे एकस्व घेतले. तारेला मिळालेले बल अशा रीतीने कारखान्यातच प्राप्त झालेले असते. स्प्रिंग वळल्यानंतर तिला लाल तापवून पाणी देण्याची गरज नसते. पट्टीकमानीची सवय असलेला कारागीर नेमकी येथेच चूक करतो. ज्योतीवर लाल केलेली पियानो तार मऊ पडते आणि तिचे स्प्रिंगपण संपते.

अगंज पोलादाची तार दमट हवेत उपयुक्त असते, परंतु तिचा दृढता गुणांक सुमारे ६९,००० असतो. त्यामुळे त्याच मापांची स्प्रिंग सुमारे १३ टक्के दुबळी होते. कोकण किनाऱ्यासारख्या खाऱ्या हवेत ती निवडावयाची असल्यास मापे पुन्हा काढणे आवश्यक आहे.

तारेच्या क्रमांकांबाबतही दक्षता हवी. जुन्या ब्रिटिश आराखड्यांत तारेची जाडी ब्रिटिश प्रमाण तार-क्रमांकात दिलेली असते. अमेरिकी पियानो तारेचे क्रमांक वेगळे आहेत. ब्रिटिश पद्धतीत १० क्रमांकाची तार ३.२५ मिमी जाडीची, तर अमेरिकी पियानो तारेत १० क्रमांक म्हणजे केवळ ०.६१ मिमी. ब्रिटिश पद्धतीत ०.६१ मिमी जाडीला २३ हा क्रमांक आहे. त्याऐवजी आज सहज मिळणारी ०.६० मिमीची मेट्रिक तार वापरली तर ताठरता सुमारे सहा टक्क्यांनी घटते. आठ क्रियाशील वेटोळ्यांऐवजी साडेसात ठेवली की ही घट भरून निघते. भारतात स्प्रिंगच्या पोलादी तारांसाठी आयएस ४४५४ हे मानक आहे. तार खरेदी करताना त्यातील प्रतवारीचा उल्लेख असलेलीच घ्यावी.

७. वेटोळी वळण्याची प्रक्रिया

वरील उदाहरणातील स्प्रिंगला जेमतेम १४ सेंटिमीटर तार लागते. खर्च नगण्य असल्याने पहिल्याच प्रयत्नात यश मिळण्याचा आग्रह धरू नये.

तार एका पोलादी दांड्याभोवती ताण कायम ठेवून वळली जाते. हे काम लेथवर अत्यंत मंद गतीने किंवा हाताने फिरवून करता येते. ताण सुटताच वेटोळी थोडी उलगडतात आणि व्यास वाढतो. म्हणून दांडा हव्या असलेल्या आतील व्यासापेक्षा लहान घ्यावा लागतो. किती लहान, हे तारेचा प्रकार आणि मध्यव्यास-तारव्यास गुणोत्तर यांवर अवलंबून असल्याने चाचणीची एक-दोन वेटोळी वळून ठरवणे श्रेयस्कर. ताणलेली तार निसटल्यास ती हात व डोळे यांना गंभीर इजा करू शकते. संरक्षक चष्मा अनिवार्य असून तारेचे टोक बोटाभोवती गुंडाळून धरणे सर्वथा वर्ज्य आहे.

वळून झाल्यावर दोन्ही टोकांची वेटोळी मिटवली जातात आणि तार पुरेशी जाड असल्यास टोके सपाट घासली जातात. त्यानंतर तारेत उरलेले प्रतिबल कमी करण्यासाठी पियानो तारेची स्प्रिंग सुमारे २३० ते २६० अंश सेल्सिअस तापमानात अर्धा तास ठेवतात. अगंज पोलादासाठी तापमान सुमारे ३५० अंश असते. या उपचाराने पियानो तारेच्या स्प्रिंगचा व्यास किंचित घटतो, तर अगंज पोलादाच्या स्प्रिंगचा किंचित वाढतो. मिलिमीटरच्या काही दशांशांत मोकळीक असलेल्या छिद्रात हा फरकही जाणवतो.

शेवटची पायरी स्प्रिंग 'बसवण्याची' आहे. सर्व वेटोळी टेकेपर्यंत ती अनेकदा दाबली जाते. प्रारंभीची मुक्त लांबी थोडी जास्त ठेवलेली असल्याने या क्रियेनंतर ती अपेक्षित मापावर स्थिर होते. पुढे वापरात ती आणखी बसत नाही. स्प्रिंगवर विद्युत-विलेपन केल्यास हायड्रोजन पोलादात शिरून ते ठिसूळ होण्याचा धोका असतो. त्यामुळे विलेपनानंतर विनाविलंब काही तास तापवणे किंवा विलेपन टाळून तेलाचा पातळ थर देणे योग्य ठरते.

तयार स्प्रिंगची ताठरता साध्या साधनांनी तपासता येते. उदाहरणातील स्प्रिंगवर ५०० ग्रॅम वजन ठेवल्यास ती सुमारे २.६ मिमी दबली पाहिजे. वजने व व्हर्निअर एवढ्याच साहित्यावर पदवी वर्गाच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग करता येईल.

८. तयार स्प्रिंग मिळवण्याचे मार्ग

स्वतः वळणे हा एकच मार्ग नव्हे. पहिला पर्याय मूळ भागांच्या जुन्या साठ्याचा आहे. लष्करी बंदुका लाखोंच्या संख्येने तयार झाल्यामुळे त्यांचे न वापरलेले भाग काही देशांत आजही मिळतात. दुसरा पर्याय विशेष उत्पादकांचा. अमेरिकेत वुल्फ यांसारख्या कंपन्या केवळ बंदुकांच्या स्प्रिंगा बनवतात. तिसरा पर्याय औद्योगिक स्प्रिंगांच्या सूचिपत्रांचा होय. त्यांत तारव्यास, बाह्य व्यास, मुक्त लांबी आणि ताठरता दिलेली असल्याने गणित करून जवळची स्प्रिंग निवडता येते. चौथा पर्याय स्थानिक स्प्रिंग-उत्पादकाकडून आराखड्यानुसार करून घेण्याचा आहे. अशा आराखड्यात केवळ मापे न देता दोन ठरावीक लांबींना अपेक्षित असलेले बल नमूद करावे, म्हणजे उत्पादकाला तारेतील सूक्ष्म फरकाची भरपाई करता येते.

बॉलपेन, कुलूप किंवा लायटर यांतून काढलेली स्प्रिंग वापरण्याची प्रथा मात्र टाळली पाहिजे. ती आकाराने बसते. पण तिचे बल आणि अनुमत प्रतिबल ठाऊक नसते. जिथे स्प्रिंगचे काम सुरक्षिततेशी निगडित आहे, तिथे अज्ञात बलाचा भाग बसवणे समर्थनीय नाही.

९. संग्रहालयीन वस्तूंचा प्रश्न

महाराष्ट्रात मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आणि कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातील संग्रहालय यांसारख्या ठिकाणी शस्त्रांचे संग्रह आहेत. अनेक घराण्यांतही जुन्या बंदुका वारशाने आलेल्या आढळतात. अशा वस्तूंबाबत पहिला प्रश्न 'स्प्रिंग कशी बदलावी' हा नसून 'ती बदलावी का' हा आहे. प्रदर्शनातील बंदुकीची यंत्रणा चालणे आवश्यक नसते. एखादा भाग लोंबकळत असेल, तर अत्यल्प बलाची स्प्रिंग किंवा साधा आधारही पुरतो. पूर्ण बलाची नवी स्प्रिंग शतकभर जुन्या घोड्यावर व पिनवर अनावश्यक ताण आणते.

बदल अपरिहार्य असल्यास तीन तत्त्वे पाळावीत. बदल पूर्णपणे उलटवता आला पाहिजे, नवा भाग तपासणीत नवा म्हणून ओळखता आला पाहिजे आणि मूळ स्प्रिंग, तुटलेली असली तरी, नोंदीसह जपून ठेवली पाहिजे. भर घातलेला भाग मुळापासून वेगळा ओळखता यावा, हे तत्त्व वास्तूंच्या संदर्भात १९६४ च्या व्हेनिस सनदेने मांडले आहे. लहान वस्तूंनाही ते तितकेच लागू पडते. तुटलेल्या तारेचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास शिणवटा की गंज हे कळते; तारेच्या रचनेवरून ती मूळ की नंतरच्या दुरुस्तीतील, याचाही अंदाज येतो. हा पुरावा कचऱ्यात गेला की कायमचा नाहीसा होतो.

कोणतेही काम सुरू करण्यापूर्वी बंदूक रिकामी असल्याची खात्री जाणकाराकडून करून घेणे ही पहिली अट आहे. ठासणीच्या जुन्या बंदुकांत पूर्वीचा बार तसाच राहिलेला आढळू शकतो. नळीत घातलेला लाकडी गज कुठपर्यंत जातो आणि नळीची बाह्य लांबी किती आहे, यांची तुलना केल्यास तो लक्षात येतो.

१०. कायदेशीर चौकट

भारतात बंदुकीची दुरुस्ती हा केवळ तांत्रिक विषय नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ मधील व्याख्येत शस्त्रांच्या भागांचाही समावेश आहे आणि कलम ५ नुसार अग्निशस्त्राची निर्मिती, विक्री, रूपांतर, दुरुस्ती व चाचणी यांसाठी परवाना लागतो. तपशीलवार कार्यपद्धती शस्त्र नियम, २०१६ मध्ये दिली आहे. दुरुस्त करूनही अग्निशस्त्र म्हणून वापरता येणार नाही अशा कालबाह्य किंवा पुरातन शस्त्रांना कलम ४५ मध्ये सवलत आहे. मात्र एखादी वस्तू या सवलतीत बसते की नाही, हे मालकाने स्वतः ठरवण्याऐवजी परवाना अधिकाऱ्याकडून निश्चित करून घेणे हितावह ठरते. शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंना पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ देखील लागू होऊ शकतो. म्हणून स्प्रिंगचे गणित आणि वळण्याचा प्रयोग महाविद्यालयात अवश्य करावा. ती बंदुकीत बसवण्याचे काम परवानाधारक दुरुस्तीकाराचेच आहे.

११. निष्कर्ष

(१) जुन्या बंदुकीतील लहान स्प्रिंग केवळ आकाराने नव्हे, तर बल, प्रतिबल व उपलब्ध जागा या तिन्ही अंगांनी जुळली पाहिजे.

(२) ताठरता तारव्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असल्याने मिलिमीटरच्या शतांशांतील फरकही निर्णायक ठरतो.

(३) मळसूत्री स्प्रिंग आपले अपयश लपवते. त्यामुळे यंत्रणा 'चालते आहे' हा ती सुरक्षित असल्याचा पुरावा नव्हे.

(४) स्प्रिंग कापणे, ओढणे आणि ज्योतीवर तापवणे हे तिन्ही रूढ उपाय शास्त्रीय दृष्ट्या सदोष आहेत.

(५) संग्रहालयीन वस्तूंत मूळ स्प्रिंग हा ऐतिहासिक दस्तऐवज असून तिचे नोंदीसह जतन होणे आवश्यक आहे.

पट्टीकमान घडवणाऱ्या जुन्या कारागिरांचे ज्ञान हातातून हातात जात असे. त्यातील बराचसा भाग लिहिला गेला नाही आणि म्हणून टिकला नाही. मळसूत्री स्प्रिंगचे ज्ञान सूत्रात मांडता येते, मोजता येते आणि शिकवता येते. यंत्रशाळा असलेले महाविद्यालय आणि शस्त्रसंग्रह असलेले संग्रहालय यांनी एकत्र येऊन उपलब्ध स्प्रिंगांची मापे पद्धतशीरपणे नोंदवली, तर पुढील पिढीतील जतनकाराला अंदाजावर विसंबून राहावे लागणार नाही.